मी मूळ, सासऱ्याला वाईट

मी मूळ नक्षत्रातला तारा बोलतोय. माझ्या नावाला घाबरणारे पुष्कळ आहेत, पण मला ओळखणारे फार थोडे.

खरं तर मी एकटा नाही, आम्ही तिघे आहोत. एक बारका मला खेटून आठवड्याच्या आत फेरी मारतो. दुसरा माझ्यासारखाच निळा, सूर्यापेक्षा कितीतरी तापलेला, लांबून तीनेक वर्षांत फिरून येतो. तुम्हाला आम्ही एकच ठिपका दिसतो, वृश्चिकाच्या शेपटीला. अरबांनी मला उचललेली नांगी म्हटलं, तुमच्याकडच्यांनी मूळ. दोन्ही नावं मला न विचारता ठेवली. तेव्हा राग आला असता तर बरं झालं असतं, आता कशाचंच काही वाटत नाही.

मंजुषा तुमच्या शहराजवळच्या पडेगावची. ती जन्मली तेव्हा चंद्र माझ्या भागात होता म्हणे. तो तुमच्या अंगणातला, मला तो कधी भेटलेलाही नाही. तरी तिची शांत केली आणि बापानं लेकीचं तोंड आधी तेलाच्या वाटीत पाहिलं.

मोठी होऊन ती बिडकीनजवळच्या कारखान्यात लागली. तिथल्या सुदर्शनशी तिचं जमलं. दोघांची जात एक, घरं तोलामोलाची, अडचण फक्त माझी. कारण सुदर्शनचे वडील हयात होते.

ते, रामकिसन, दिवाळीच्या आधी मुलगी बघायला आले. चहा झाल्यावर मूळ दाखव म्हणाले. मंजुषानं त्यांना गच्चीवर नेलं आणि नैर्ऋत्येला बोट केलं.

"ह्यो व्हय? ह्येला तर मी रानात पाणी देताना लई वर्सं बघतोय. आमी ह्येला विंचूच म्हणतो."

"मंग काका, काय केलं त्यानं तुम्हाला?"

"काय नाय," म्हणत ते हसले. माणूस भला होता. मला वाटलं, सुटलो. पण खाली जाऊन त्यांनी घरात विचारून कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. पुढं कारखान्याच्या कँटीनमध्ये सुदर्शननं खाली बघत सांगितलं की आई म्हणते, जाणूनबुजून कशाला विषाची परीक्षा. मंजुषानं ऐकून घेतलं आणि ताटातला भात संपवला. तिचं ते गप्प राहणं मला ओळखीचं वाटलं.

तेव्हापासून तिची आई वच्छलाबाई स्थळ आलं की शिक्षण, शेती नंतर विचारते. आधी विचारते, सासरा हाय का? तसं एक मिळालंय. मुलाची आई अनसूयाबाई विधवा. पत्रिका बघून ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडं आता भ्यायला कुणी उरलं नाय." मुलाशी मंजुषा अजून धड बोललेली नाही. तिला विचारलं तर ती तुम्ही ठरवा म्हणते.

रविवारी सुपारी फुटणार आहे.

तिच्या जन्माच्या दिवशी तुमच्याकडं पोचलेला माझा उजेड निघाला, तेव्हा तुमचं शहरही वसलेलं नव्हतं. कुणाच्या सासऱ्याशी माझं वैर असायचं कारणच नाही. पण हे मी आज सांगितलं, तर तिकडं पोचायला पाचशेहून जास्त वर्षं लागतील. तुम्ही पडेगावच्या रस्त्यानं अर्ध्या तासात पोचाल. बैठकीचं बोलावणं असेल, तर सुपारी फुटायच्या आधी तिला एकदा विचारा, तुला हे लग्न करायचंय का. आणि ती बोलेपर्यंत थांबा.