कानबाईपुढची साक्ष

भडगावात भागाबाईएवढी थापाडी बाई दुसरी झाली नाही. म्हणे, एकदा तिनं धुळ्याच्या बाजारातून अशी मिरची आणली, की तिच्या वासानं एसटीचा डायव्हर ठसकला आणि गाडी घरी यायची सोडून सुरतेच्या रस्त्याला लागली. गिरणेचा पूर तर ती वांग्यावर बसून पार झाली होती. वर त्याच वांग्याचं भरीत केलं. लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी परत ओट्यावर येऊन बसायचे.

म्हणून जळगावचे वकील मननभाऊ जेव्हा म्हणाले, "मावशी, एक खोटं बोलावं लागेल," तेव्हा भागाबाईनं पदर खोचला.

"एकच? एवढ्याशात मन्हं पोट भरत नही, भाऊ."

गोष्ट अशी होती. तिच्या पोराला, स्वप्नीलला, इकडं कोणी पोरगी देईना, तेव्हा एका मध्यस्थानं कलकत्त्याकडची म्हणून शेफाली आणून दिली. लग्नात तिचं नाव दिपमाला ठेवलं. तिचं गाव कलकत्त्याकडं नाही, पार हद्दीपलीकडं, बांगलादेशात आहे, हे कळलं तेव्हा मयुरी पोटात होती. आता कागद नसलेल्यांची धरपकड चालली होती. उचलायचे आणि हद्दीवर नेऊन सोडायचे. दिपमालासारख्या हिंदू माणसांना नागरिक करून घ्यायची एक वाट नवीन कायद्यात निघाली होती, पण चौदा साल संपायच्या आत आलेल्यांनाच. दिपमाला आली पंधराच्या उन्हाळ्यात.

"अर्जात तेरा साल लिहितो, तेच सांगायचं," वकील म्हणाले. "घरी चौकशी येईल, मोठ्या माणसाला विचारतील. तिथं अडखळायचं नाही."

अडखळायचं कसलं! भागाबाईनं रोज तालीम केली. तेरा साली सून आली त्या दिवशी अशी गारपीट झाली, की एकेक गार नारळाएवढी.

"माय, लिंबाएवढी करा," दिपमाला भाकरी थापता थापता म्हणायची. "पोलीस आहेत ते."

"बरं. पेरूएवढी. त्याच्याखाली मी येत नही."

दोघी हसायच्या. हसता हसता दिपमालाचा हात तव्यावरच थांबायचा.

चौकशी आली ती नेमकी श्रावणात, कानबाईदेवीच्या रविवारी. नारळाला नथ घालून, साडी नेसवून कानबाई मधल्या घरात चौरंगावर बसली होती. घरातल्या माणसांच्या नावानं सवा-सवा मूठ गहू मोजून, दळून रोट केले होते. हा रोट बाहेरच्यानं खायचा नाही. लग्न होऊन गेलेली पोरसुद्धा खात नाही; सून मात्र खाते. दिपमालाच्या नावाची मूठ भागाबाईनं स्वतः मोजली होती, जरा सैल हातानंच.

लोटन जमादार गावातलाच, जोडीला जळगावचा एक साहेब. लोटन बूट बाहेर काढून आला, कानबाईला हात जोडले आणि तिथंच सतरंजीवर कागद घेऊन बसला. त्यालाही काम उरकायचं होतं.

"भागाक्का, तेरा सालमा ऊनी ना तुमनी वऊ? नुसतं हाव म्हणा, मी लिखस."

भागाबाईनं तोंड उघडलं. गारपीट जिभेवर तयार होती. समोर कानबाई. दिव्यात नथ हलत होती. सगळा जन्म थापांत गेला, पण कानबाई बसलेली असताना भागाबाई कधी खोटं बोलली नव्हती. त्या दिवशी तर ती ओट्यावरच्या बायकांनाही सांगायची, आज येऊ नका, आज मजा नाही.

"म्हणा ना, अक्का."

दिपमाला चुलीपाशी उभी होती. भागाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग नारळाकडं.

"पंधरा," ती म्हणाली. "पंधराच्या श्रावणात पहिला रोट खादा तिनी. आठेच, कानबाईपुढं बसेल व्हती."

"माय!" स्वप्नील ओरडला.

लोटननं पेन खाली ठेवलं. जळगावचा साहेब कागदावरच डोळे ठेवून होता. त्याच्यासमोर बोललेलं आता खोडता येणार नव्हतं.

जाताना लोटन बुटात पाय घालत हळूच म्हणाला, "अक्का, मला ओट्यावर तरी बोलवायचं ना."

ते भागाबाईला सुचलंच नव्हतं. एवढी डोकेबाज बाई, पण चार पावलं बाहेर यायचं तिला सुचलं नाही.

सोमवारी कानबाई वाजतगाजत गिरणेत शिरवली, विसर्जन झालं. तो आठवडा संपायच्या आत जीप आली. स्वप्नील वकिलाला फोन लावत राहिला, फोन नुसता वाजत राहिला. दोन बायका-पोलीस दिपमालाला घेऊन निघाल्या. तिच्या वाट्याचा रोट अजून शिल्लक होता. भागाबाईनं तो फडक्यात बांधून जीपपाशी नेला.

"बाहेरचं खायला देता येत नाही," एकजण म्हणाली.

"बाहेरचं नही ना व माय," भागाबाई म्हणाली. "घरनं शे."

दार लागलं. आतून दिपमालानं विचारलं, "माय, मयुरीले काय सांगशात?"

"ते मन्हावर सोड. मी सांगसू."

संध्याकाळी मयुरी शाळेतून आली. भागाबाईनं तिला मांडीवर घेतलं, तो रोट मोडून घास घास भरवला आणि सांगितलं, की तुझी मम्मी तिच्या आईला भेटायला गेली. तिकडं नद्या एवढ्या मोठ्या, की मासे माणसांना पाठीवर बसवून नेतात. एक मासा तिला परत आणून सोडणार आहे, पार गिरणेच्या पुलापाशी.

"खरं शे का, मोठी माय?"

भागाबाईनं मधल्या घराकडं पाहिलं. चौरंग रिकामा होता.

"खरं शे," ती म्हणाली.