डॅशबोर्डमागची टकटक

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे: आधी हात, मग मीटर. गाडी आली की आधी तळहाताने बघायचं, कुठे गरम, कुठे गार, कुठे थरथर, आणि मगच यंत्र बाहेर काढायचं. मला हा नियम जरा म्हाताराच वाटायचा. बाबा मला ठिणगी म्हणतात, कारण पहिल्याच दिवशी मी भलत्याच दोन वायरी जोडून त्यांच्या भुवया जवळजवळ होरपळवल्या होत्या. पण आता मला वायरिंग जमतं, आणि जमतं हे मी दिसेल त्याला सांगत सुटले होते. म्हणूनच आत्याची गाडी माझ्या वाट्याला आली. पहिलीच, एकटीने करायची.

आतोबा गेल्यापासून आत्या त्यांचीच गाडी चालवते, तीही इतकी सावकाश की सायकलवाले पुढे जाऊन वळून बघतात. आतोबा शेजारी बसून बोटाने डॅशबोर्डवर टकटक करायचे. म्हणजे, चल गं बाई, टायरला मुळं फुटतील. आता हल्ली रोज सकाळी बॅटरी ठार झोपलेली असायची, आणि आत्या नर्स, तिला उशीर चालत नाही. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, आज झाली तर झाली, नाहीतर गाडी विकायची. आत्याने मान हलवली खरी, पण मला किल्ली देताना तिची बोटं किल्ली सोडेनात.

"बॅटरीचं तेवढं बघ," ती म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नकोस."

मी हो म्हटलं. अर्धवट ऐकून पूर्ण हो म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

बाबा आत्याला घेऊन आत चहाला गेले. मी बॅटरीची काळी वायर सोडवून मध्ये टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज वाहिली की लागणारा छोटा दिवा, जोडला. दारं लावलेली, किल्ली माझ्या खिशात. अशा वेळी दिवा लागायला नको. लागला. गाडीत काहीतरी जागं होतं.

मग आतून आवाज आला. टक. टक. टक. प्रत्येक टकीला माझ्या हातातला दिवा किंचित मोठा व्हायचा, परत बारीक व्हायचा. भर दुपारी, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असताना माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. आवाज बरोबर आतोबांच्या सीटपुढून येत होता.

पण मी म्हणजे काय घाबरणारी होते थोडीच. एकेक फ्यूज उपटत गेले. एसी-हीटरचा फ्यूज निघाला आणि दिवा विझला, टकटकही थांबली. मग सगळं उलगडलंच. डॅशबोर्डमागे एक छोटी मोटर असते. गरम आणि गार हवेमधली झडप ती फिरवते. आत्याच्या गाडीत दोन्ही सीटना वेगवेगळ्या मोटरी. शेजारच्या सीटच्या मोटरीच्या चक्रीचा दात तुटला होता. गाडी बंद झाली तरी ती झडप फिरवायला धडपडत राहायची आणि रात्रभरात बॅटरी पिऊन टाकायची. म्हणूनच एसी लावला तरी त्या बाजूला गरमच वारा यायचा. एका दगडात दोन आजार. मागे पडलेल्या भंगार गाडीतून तसलीच मोटर काढली, बसवली, जुनी ट्रेमध्ये टाकली. आता दोन्हीकडे गारेगार. मी अक्षरशः नाचले.

आत्या आली, स्टिअरिंगमागे बसली, एसी लावला. मी शाबासकीची वाट बघत उभी. तिने शेजारच्या सीटपुढे हात धरला आणि धरूनच ठेवला.

"त्यांना गारठा सोसत नाही," ती म्हणाली. "एवढी बाजू तरी गरम होती."

सोसत नव्हता, असं नाही म्हणाली ती. सोसत नाही, म्हणाली. जुनी मोटर परत लावते म्हटलं, तर बॅटरी परत मरणार आणि गाडी विकली जाणार, हे तिलाही कळत होतं. बाबा दारात उभे होते.

आणि तेवढ्यात ट्रे वाजला.

टक. टक.

ट्रेमध्ये जुनी मोटर होती. तिला वायर नव्हती. मीच तोडलेली.

बाबा हळूच पुढे आले. त्यांनी मीटर उचलला नाही. मोटरीवर तळहात ठेवला, बराच वेळ, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हात लाव."

लावला. उबदार होती. तापलेली नव्हे, उबदार. खिशातून नुकत्याच बाहेर काढलेल्या हातासारखी.

आत्याने ती मोटर माझ्याकडून मागून घेतली, ओढणीच्या टोकाने वंगण पुसलं आणि शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यात ठेवून कप्पा लावला. मग शेजारच्या सीटपुढे पुन्हा हात धरला. तिचा चेहरा बघून मी खिडकीतून माझाही हात आत घातला.

मोटर नवी, झडप गारवर, काटा गारवर. वारा गरम होता.

बाबांनी गाडी विकण्याचा विषय काढला नाही, आजतागायत. आत्या निघाली. नेहमीसारखी रांगत, रांगत कोपऱ्यापर्यंत गेली. एक सायकलवाला तिला ओलांडून गेला. तिथे गाडी क्षणभर घुटमळली, आणि मग एकदम, कोणी हाकल्यासारखी, झपकन पुढे सुटली.