इडलीपात्रातले गोळे

गंधालीने खिम्याचा गोळा हातभर वर उचलला आणि पातेल्यात जोरात आपटला.

"सतरा," निहार म्हणाला. चार वर्षांचा निहार ओट्याला टेकून स्टुलावर उभा होता, आणि आपटता आपटता गंधालीची एक नजर स्टुलाच्या पायांवर होती. "आई, त्याला लागतं का?"

"नाही रे. आपटला की तो घट्ट होतो. मग शिजताना सुटत नाही."

"मला नको आपटू हां. मी घट्टच आहे."

ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर व्हिएतनाममधली एक बाई नेमकं हेच करत होती. ती लानची आई. लान म्हणजे गंधालीचा दीर सर्वेश जिच्याशी लग्न करणार होता ती. नोकरीनिमित्त तीन वर्षं तिकडेच असलेल्या सर्वेशने हा व्हिडिओ पाठवला होता. त्यातल्या बोलण्याचं गंधालीला अक्षरही कळत नव्हतं, पण हात कळत होते. कांदा, लसूण, मिरपूड, चिमूटभर साखर, दुधाऐवजी पाण्यात भिजवून पिळलेला पाव. मग आपटायचं. मग वाफवायचं, आणि टोमॅटोच्या पातळ रश्शात सोडून पावाबरोबर खायचं. पावाबरोबर, हे पाहून तर तिला हायसंच वाटलं होतं. भांडुपमध्ये दुसरं काही मिळो न मिळो, पाव कुठे जात नाही. तिकडे डुकराचं मटण वापरतात, ते या घरात चालणारं नव्हतं. म्हणून कोंबडीचा खिमा.

तिने बाटली उघडून दोन चमचे फिश सॉस घातला. वास बाहेरच्या खोलीत पोचायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"गंधाली, सुकटाची बरणी उघडी रवली काय गो?"

सासूबाई, कुंदाताई, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"फिश सॉस आहे, आई. त्यांच्याकडे सगळ्यात घालतात."

"म्हणजे सुकटच." कुंदाताईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "आणि माका धरू नको हां. आज पुनव आसा."

गंधालीचा हात हवेतच थांबला. भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकोनात पांढरा गोल चंद्र ठळक छापलेला होता. कुंदाताई पौर्णिमेला मांसमच्छी खात नाहीत, हे सहा वर्षं या घरात राहून तिला पाठ व्हायला हवं होतं. तिने फक्त वार बघितला होता. रविवार, मटणाचा वार.

पण आठवडाभर घरात या जेवणाची तारीख घोळत होती. सुयोगने, तिच्या नवऱ्याने, ती दोनदा मोठ्याने सांगितली होती. रोज सकाळी कॅलेंडर बघणाऱ्या सासूबाईंनी तेव्हा एक शब्द काढला नव्हता. तसा 'सून' हा शब्दही त्यांनी अजून काढला नव्हता. 'सर्वेशची ती' म्हणायच्या. 'घरी राहायला या' म्हणाल्या नाहीत, म्हणून सर्वेशने मुकाट्याने अंधेरीला हॉटेल घेतलं होतं. आज दुपारी तो लानला घेऊन जेवायला येणार होता. फक्त जेवायला.

गंधालीने वाफवायला फडताळातलं नैवेद्याचं मोदकपात्र काढलं, कुंदाताईंचा चेहरा पाहिला, परत ठेवलं आणि इडलीपात्र घेतलं. प्रत्येक खळग्यात एक गोळा बसला. निहारसाठी तिने बोराएवढे केले, मग तेही घशात अडकतील असं वाटून आणखी लहान केले.

तिला तिचा स्वतःचा पहिला दिवस आठवत होता. मुलुंडच्या शाकाहारी घरातून ती इथे आली तेव्हा ताटात तळलेला बांगडा होता, आणि त्याच्याभोवती सगळे हसऱ्या चेहऱ्याने थांबले होते. तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि भाताच्या कडा खाल्ल्या. कुणी वाईट वागलं नव्हतं. कुणी विचारलं मात्र नव्हतं. या मुलीला तरी दारात पाऊल टाकल्यावर ओळखीचा वास यावा, एवढंच तिला हवं होतं.

आणि दुपारी तो वास आला. लान दारात चप्पल काढता काढताच थबकली, तिने नाक वर केलं आणि सर्वेशचा दंड धरून काहीतरी भराभर बोलली.

"वहिनी, ती म्हणते, तिच्या आईचं स्वयंपाकघर इथे कुणी आणलं?"

लान बुटकी, गोल चेहऱ्याची, चष्मा लावणारी होती. तिने कुंदाताईंना वाकून नमस्कार केला. कुंदाताई "बस गो" म्हणाल्या आणि आत गेल्या. इडलीपात्र बघून लान इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. तिने फोटो काढून लगेच आईला पाठवला.

"झकास झालंय, यार," सुयोग चोरून एक गोळा तोंडात टाकत म्हणाला. "गंधाली, तू हॉटेल काढ."

"आधी ताटं घे."

सगळे बसले. गंधाली वाढून उभी राहिली. निहार किती चावतोय हे बघताना तिचं लक्ष लानच्या ताटलीकडे गेलं. लानने पाव मोडला होता. नुसताच पाव ती खात होती. रश्शाला तिने बोटही लावलं नव्हतं.

मीठ जास्त झालं? कोंबडी चालत नाही? गंधाली सर्वेशकडे वळली.

"सर्वेश, काय चुकलं रे?"

लान आणि सर्वेशमध्ये दबक्या आवाजात काहीतरी झालं. सर्वेशने कपाळाला हात लावला.

"वाट लागली. वहिनी, चूक माझी आहे. आज पौर्णिमा ना? पौर्णिमा, अमावास्या ती मांस खात नाही. त्यांच्या घरात आजीपासून आहे ते. मला सांगायचं लक्षातच नाही राहिलं. आणि ती म्हणते, तुम्ही इतकं केलंत, नाही कसं म्हणायचं."

लानने गंधालीकडे बघून हात जोडले. तिचे डोळे भरले होते. हे डोकं दुखण्याचं निमित्त तिच्या ओळखीचं होतं, फक्त या मुलीने ते पावाच्या तुकड्यामागे लपवलं होतं.

"काय झाला रे?" कुंदाताई दारात होत्या.

सर्वेशने पुन्हा सगळं सांगितलं. कुंदाताईंनी ऐकलं. मग त्यांनी लानकडे पाहिलं, ती आल्यापासून पहिल्यांदाच नीट.

"अमावास्येला पण?"

"अमावास्येला पण."

"मी अमावास्या नाय पाळत," कुंदाताई जराशा ओशाळून म्हणाल्या आणि आत वळल्या.

आतून झाकणांचे आवाज आले. त्या परत आल्या तेव्हा एका हातात आंबोळ्यांचं ताट आणि दुसऱ्या हातात काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचं पातेलं होतं. स्वतःपुरतं म्हणून सकाळी केलेलं, पण पातेलं एका माणसापुरतं नव्हतं. त्यांनी लानच्या पुढची ताटली उचलून सर्वेशकडे सरकवली, तिच्याशेजारी बसल्या आणि आंबोळी मोडून सांबाऱ्यात कशी बुडवायची ते दाखवलं.

लानने तसंच केलं. मग दुसऱ्यांदा. मग चमचा बाजूला ठेवून हाताने.

"खाता बघ कसा चेडू," कुंदाताई कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. चेडू, म्हणजे पोर.

"आई, सात खाल्ले," निहारने ओरडून सांगितलं. सकाळची पोळी अर्धी टाकणारा निहार. गंधालीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिला कळलं की गेली पाच मिनिटं तिने त्याच्या घशाकडे बघितलंच नव्हतं.

सुयोगने उरलेल्या रश्शाकडे पाव नेला, तेवढ्यात कुंदाताईंनी भांड्यावर हात आडवा धरला.

"तां ठेव. उद्या आमका दोघींका व्हये."

"उद्या?" सर्वेशने मान वर केली. "पण आई, आम्ही तर अंधेरीला..."

"मग बॅगा घेऊन ये. आपल्या गावात हॉटेलात रवतंस, लाज नाय वाटत?" त्यांनी लानच्या ताटात आणखी एक आंबोळी ठेवली. "गंधाली, फ्रिजात जागा कर गो."

गंधाली आत गेली. लहान डबा तिच्या हाताशीच होता. तिने तो बाजूला सारला आणि वरच्या फळीवरचा मोठा काढला.