घरच्या खुणा

सरांनी भिंतीवरचं बटण दोनदा खालीवर केलं. ट्यूब लुकलुकली, म्हणजे सगळ्यांनी इकडे बघा. सगळ्यांनी बघितलं. सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि मी झक मारत पुन्हा उभी राहिले. चहाची खूण माझी परत चुकली होती.

सर स्वतः जन्मापासून बहिरे, वयाने माझ्या भाच्याएवढे आणि शिस्तीला कडक. वर्ग दुभाष्यांचा. बहिऱ्या माणसाचं म्हणणं डॉक्टरला, बँकेला, कोर्टाला तोंडाने सांगायचं आणि त्यांचं म्हणणं हातांनी परत पोचवायचं, असं ते काम. बाकीची मुलं-मुली विशीतली. पन्नाशीला टेकलेली, बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला उभं राहून पायांच्या शिरा फुगलेली अशी मी एकटीच.

गंमत म्हणजे मला वाटलं होतं, वर्गात पहिली येणार ती मीच. माझा नवरा बहिरा होता. सुतारकाम करायचा, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडचे म्हणाले, हिच्या बडबडीचा त्रास होणार नाही असा एकच माणूस जगात होता, तो सापडला. पण मी काय गप्प बसणार होते? तोंड चालेना तिथे हात चालवले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने गरम कप उचलला, बोटं भाजली आणि चटकन कानाची पाळी धरली. मी हसले, मग तोही हसला. तेव्हापासून कानाची पाळी चिमटीत धरली की चहा. रंधा मारल्यासारखा हात फिरवला की काम. हनुवटीशी बोटांची चोच उघडमीट केली की मी. अशा किती खुणा जमवल्या, मोजदाद नाही. धाकटी नणंद तिचं लग्न होईपर्यंत आमच्याकडेच होती, तिला त्यातल्या चार-दोन यायच्या. बाकी सगळी भाषा दोघांची. बायका नवऱ्याला 'अहो' म्हणतात, आमच्याकडे ते ऐकणार कोण? म्हणून मनातसुद्धा तो 'अरे'च राहिला.

तो गेल्यावर बोलायला माणसं होती. कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटावर ओरडायचं, घरी आलं की शेजारीण दारात उभी. तोंडाला काम होतं, हातांना नव्हतं. संध्याकाळी मी त्याच्या खुर्चीसमोर बसायचे आणि दिवसभराचं सगळं हातांनी सांगायचे. सुपरवायझर कसा सगळ्यांसमोर घसरून आपटला, कुणाचं कुणाशी भांडण झालं. सांगून संपलं की हात मांडीवर ठेवायचे, आणि मग मात्र घर खायला उठायचं. म्हणून ठरवलं, आता हातांनीच बोलायची नोकरी धरायची. सुट्टीच्या दिवशी वर्ग करायचे, परीक्षा दिली की पॅकिंगला रामराम.

नणंद म्हणाली, या वयात लोक नोकरी सोडतात ती आराम करायला, दुसरी धरायला नव्हे. मी म्हटलं, अगं, अर्धी भाषा तर मला येतेच आहे.

कुठली यायला! पहिल्याच दिवशी कळलं, आमच्या खुणा जगात कुणालाच कळत नाहीत. सरांचे हात मला समजत नव्हते आणि माझे सरांना. अडलं की ते फळ्यावर लिहायचे. ट्यूब लुकलुकली त्या दिवशीही मी चहासाठी कान धरला तशी त्यांनी लिहिलं, "हे कुणी शिकवलं?"

मी खडू घेतला. "नवऱ्याने."

"त्यांनाही घेऊन या. दोघांना बरोबर शिकवतो."

ह्याचं उत्तर लिहायला हात उचलेना. मी खडू ठेवला आणि वर्गात शिकवलेली खूण केली. वारला. मरणाची आमचीही एक खूण होती, सासूबाई गेल्या तेव्हा त्याने केलेली. पण ती त्याच्यासाठी करायला माझे हात कधी धजले नव्हते. परकी खूण त्या मानाने सोपी गेली. सरांनी पसंतीची मान डोलावली, कारण पहिल्याच झटक्यात माझी खूण बिनचूक आली होती.

मग त्यांनी अगदी लहान अक्षरांत विचारलं, घरी अजून जुन्या खुणांनी बोलता का? मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी लिहिलं, "ते बंद करा. नाहीतर ऐन वेळी हात दगा देतील. रुग्णाच्या छातीत दुखत असेल आणि तुम्ही भलतंच सांगाल." वाचून झाल्यावर त्यांनी ते स्वतःच्याच बाहीने पुसून टाकलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे राग कुणावर काढायचा तेही कळेना.

त्या दिवसापासून खुर्चीसमोर बसले की हात मांडीखाली दाबून धरायचे. एकदा नव्या खुणांनी त्याच्याशी बोलून पाहिलं. आज पाय दुखतात, एवढंच सांगायला गेले आणि मध्येच थांबले. वाटलं, ह्याला ह्यातलं काय कळणार, बिचारा नुसता बघत बसेल. मग उठून खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आरशासमोर सराव सुरू केला. आरशातली बाई मोठी समंजस, कुठेच अडवायची नाही. हळूहळू हात वळले. स्वप्नातही बरोबर खुणा करायला लागले.

पास झाले. परीक्षक म्हणाले, तुमचे हात स्वच्छ आहेत, कुठे अडखळत नाहीत. कारखाना सोडला. आता रुग्णालयात असते. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला रुग्ण, आणि मध्ये माझी खुर्ची. रुग्ण जे म्हणेल तेच मी म्हणायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. मी म्हणते, माझ्या पोटात दुखतं, आणि पोट दुसऱ्याचं असतं. दिवसभर हात थकेपर्यंत चालतात, पण त्यात माझं असं एक वाक्य नसतं.

परवा नणंद आली. बऱ्याच दिवसांनी येत होती. भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची तिने सरळ केली, हात फिरवून तिच्यावरची धूळ झटकली आणि ऐसपैस बसली. मुलांचं झालं, सासरचं झालं, माझ्या नोकरीचं कौतुक झालं. मग माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली आणि तिने कानाची पाळी चिमटीत धरली.

मी पुढे वाकले. "काय गं, कान दुखतोय? कधीपासून?"

ती तशीच बघत राहिली. मला वाटलं, सांगायला संकोचतेय, रुग्णांचं होतं तसं. मी आवाज मऊ केला. "उजवाच, की दोन्ही?"

तिचं हसू हळूहळू मावळलं. हात खाली आला. "नाही वहिनी," ती म्हणाली, "चहा टाकतेस का, एवढंच."

मी स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवून ओट्याला धरून उभी राहिले. पाणी उकळून निम्मं झालं, तरी चहापत्ती टाकायचं सुचलं नाही. ते ओतून दिलं, पुन्हा पाणी ठेवलं. तिने बाहेरून हाक मारली नाही, आतही आली नाही. शहाणी आहे.

चहा घेऊन आले. एक कप तिच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे. वाफ येत होती. मी दोन बोटं कपाला टेकवली. चटका बसला तरी काढली नाहीत, आणखी जरा ठेवली. मग ती उचलून कानाच्या पाळीला लावली आणि तशीच धरून बसले.

"हां, अस्संच," नणंद म्हणाली. "दादा असंच करायचा."