मधली पात

"ऊठ गं. मधली पात माझी हाय."

शिवकन्या खुरपं घेऊन बसलीसुद्धा होती. ती अर्धवट उठली आणि तिनं नीलाबाईकडं पाहिलं. नीलाबाई टोळीची मुकादम. कोणत्या शेतात किती बाया न्यायच्या आणि कोणाला निंदायला कोणती पात, म्हणजे कोणती ओळ द्यायची, हे तीच ठरवायची. पदर खोचता खोचता ती म्हणाली, "बसू द्या वो तिला, द्वारकाबाई. गाण्याचा डब्बा मधी असला म्हंजी दोन्हीकडल्या बायायला बराबर ऐकू येते. तुमी धुऱ्याच्या बाजूनं धरा."

धुऱ्याच्या बाजूनं, म्हणजे पार बांधाकडं! सव्वीस वर्षं कुरुंद्याच्या शिवारात हळद निंदताना द्वारकाबाई मधल्या पातीला बसत आली होती. हाताच्या चलाखीमुळं नव्हे, हात तिचा बेताचाच. पण मधली पात गाणारीची, असा त्या टोळीचा रिवाज. आणि द्वारकाबाईचं गाणं म्हणजे नुसतं गाणं नसे. जी बाई मागं राहील तिचं नाव त्यात येई, मग ती मुकादम का असेना.

हळदीच्या पानाआड कोण बसली लपून,
नीलाबाईनं ठेवलं गं बाई तण जपून.

नाव आलेली बाई लाजायची, द्वारकाबाईला दोन शिव्या हासडायची आणि झपाझप हात चालवत सगळ्यांच्या बरोबर यायची. दिवस कलायच्या आत रान साफ. मालक लोक नीलाबाईला सांगून ठेवायचे, बाया किती का आणा, ती गाणारी तेवढी आणा.

आता पंचमीला शिवकन्या माहेरी गेली आणि येताना भावानं घेऊन दिलेला तो डबा घेऊन आली. तळहाताएवढा, लाल, दोन दिवसांच्या रोजात येईल असा. आत तीनशे गाणी. तो धुऱ्यावर ठेवला होता तोवर द्वारकाबाईनं सोसलं. आज तो पातीत येऊन बसला.

द्वारकाबाईला त्याचं सगळंच खुपायचं. त्याला तहान लागत नाही. खोकला येत नाही. पुढचे दोन दात पडून शब्दात वारा शिरत नाही. आणि बाया तरी कशा! कालपर्यंत हिच्या गाण्यावर माना डोलवणाऱ्या, आज त्या डब्यातल्या कोण कुठल्या बाईच्या आवाजावर खुरपं धरून डोलत होत्या. त्या बाईनं कधी चिखलात पाय घातला असेल का, असं द्वारकाबाईला फार वाटायचं, पण विचारणार कोणाला?

एका दुपारी डबा मध्येच मुका झाला. चार्जिंग संपलं होतं.

"मावशी, म्हना की एखादं," शिवकन्याच म्हणाली.

द्वारकाबाईनं आढेवेढे घेतले, पण फार नाही. आणि पहिल्याच ओळीत शिवकन्याचं नाव घातलं. कामाची कच्ची, नखऱ्याची पक्की, असं काहीबाही. शिवकन्या मागं राहिलेलीही नव्हती. बाया खिदळल्या. सगळ्यांत मोठ्यानं शिवकन्याच हसली आणि म्हणाली, "माय गं! मावशी डब्यापरस भारी म्हन्तेत."

डब्यापरस. म्हणजे आता मापायला डबा आला होता.

बाजाराच्या दिवशी द्वारकाबाई बालाजीच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"आमच्या शिवकन्याकडं लाल डब्बा हाय न, त्याच्याहून मोठा दाव."

"आवाजाला मोठा का दिसायला?"

"दोन्हीला."

बालाजीनं एक निळा डबा काढला. "गाणे कोणचे भरू, मावशी?"

"रानातले. निंदताना म्हन्तेत ते."

बालाजीनं मोबाईलवर काही लिहिलं, दोन-तीन गाणी लावून पाहिली. कुठं ढोल, कुठं बेंजो. द्वारकाबाई मान हलवत राहिली.

"एक ओळ म्हनून दावा. आवाजावरून सापडते कधी कधी." त्यानं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला.

चाळीस बायांपुढं जी कधी अडली नाही ती द्वारकाबाई रस्त्याकडं बघत, पदर तोंडाशी धरून, कुजबुजल्यासारखं गायली. मोबाईलवर एक गोल चकती फिरत राहिली, फिरत राहिली आणि थांबली.

"न्हाई मावशी. हे गाणंच न्हाई."

"न्हाई कसं? आत्ता म्हनलं की मी."

"म्हंजी कोनी भरलेलं न्हाई वो. असं करा, तुमीच म्हना, मी तुमचाच आवाज भरून देतो."

"आन् नावं? रोज येगळी बाई मागं ऱ्हाते. कोन्या कोन्या बाईचं नाव भरशील?"

बालाजीनं मोबाईल खाली ठेवला. "मंग समदे नेतेत ते तीनशे भरू का?"

द्वारकाबाईनं निळा डबा हातात घेऊन पाहिला. शिवकन्याच्या डब्याहून तो खरंच मोठा होता.

"भर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रानात दोन डबे वाजू लागले. एक मधल्या पातीत, एक धुऱ्याकडच्या. गाणी तीच. लाल डबा अर्धा शब्द पुढं, निळा अर्धा शब्द मागं. टोळीतली गयाबाई तर हसून हसून ओल्या मातीत बसली. कोणाचं खुरपं चालेना.

"डोस्कं उठलं माय!" नीलाबाई ओरडली. "एक कोन्चा तरी बंद करा."

द्वारकाबाईनं पदर आवळला. आता भांडण होणार, आणि ते करायला ती तयार होती. रात्रभर शब्द जुळवून आली होती.

शिवकन्यानं लाल डबा बंद केला. "मावशीचा मोठा हाय. या मावशी, तुमी बसा मधी." आणि खुरपं उचलून ती धुऱ्याच्या पातीला निघूनसुद्धा गेली. गाल फुगवले नाहीत की काही नाही. जुळवलेले शब्द द्वारकाबाईच्या तोंडात तसेच राहिले.

ती मधल्या पातीला बसली. निळा डबा शेजारी वाजत होता, दोन्हीकडं सारखा ऐकू जात होता. शेजारच्या पातीत गयाबाई कालच्या पाहुण्यांची गोष्ट सांगता सांगता हातभर मागं पडली. द्वारकाबाईच्या जिभेवर ओळ आलीच, गयाबाईच्या नावाची, पाहुण्यांसकट. डबा बंद करावा? पण हा बंद झाला की धुऱ्याकडचा लाल सुरू होणार, आणि मधल्या पातीला पुन्हा तो येणार. ती गाणं संपायची वाट बघत राहिली.

गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मध्ये एका श्वासाएवढी जागा होती.

"गयाबाईच्या—" एवढंच तिनं म्हटलं आणि ढोल वाजला. पुढचं गाणं सुरू झालं होतं.

"काय म्हनलं वो?" गयाबाईनं विचारलं.

"काई न्हाई. तुझं चालू दे."

द्वारकाबाई जरा तिरकी सरकली. गयाबाईच्या पातीत मागं राहिलेलं तण तिनं हात लांबवून उपटलं, मुळाची माती झटकली आणि आपल्या ढिगावर टाकलं. मग आणखी थोडं. गयाबाई पाहुण्यांच्या जेवणापर्यंत आली होती. तिला कळलंही नाही.