हिच्या नावाची प्लेट

या सगळ्यात मामांचा फायदा एवढाच होता, की त्यांच्या गेलेल्या बायकोचं नाव जिवंत राहणार होतं. मॅडमचा फायदा मोठा: गाजणारा शोधनिबंध, मोठी प्रयोगशाळा, दारावर पाटी. पाटी पुसायची मामांनीच, हे ओघाने आलं.

“लाजताय काय मामा, सांगा ना नाव,” मॅडम कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाल्या. “सगळ्यांची घेतली. तुमचंच राहिलंय.”

मॅडम यीस्टचा, म्हणजे पाव फुगवणाऱ्या त्या बारक्या जिवाचा, जीनोम, म्हणजे डीएनएतला सगळा मजकूर, नव्याने लिहीत होत्या. निसर्गाचा मजकूर बाजूला ठेवून अक्षर न् अक्षर स्वतः जुळवायचं, तसा डीएनए घडवायचा आणि पेशीत बसवायचा. काम आपलं आहे हे ओळखू यावं म्हणून मधल्या मोकळ्या जागांत काम करणाऱ्यांची नावं सांकेतिक अक्षरांत घालायची. प्रयोगशाळेचे जुने मदतनीस मामा प्लेटा, म्हणजे पेशी वाढवायच्या चपट्या बश्या, भरत, उबेला ठेवत, धूत. ‘मामा’ या हाकेवर सगळ्यांचं भागत असल्याने खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

“माझं नको,” मामा म्हणाले. “आमच्या हिचं घाला.” आणि नाव सांगितलं, इतक्या हळू की मॅडमना दोनदा विचारावं लागलं.

संध्याकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला.

“म्हणजे आता ती यीस्ट झाली म्हण की.”

“यीस्ट कशाला होईल अक्का. नाव आहे आत. एका पेशीच्या दोन झाल्या की नावंही दोन. मग चार.”

अक्काची थट्टा तिथेच थांबली. “पोरांचा भारी सोस होता रे तिला.”

“हं.”

“जेवलास?”

“जेवतो.”

टेबलाला खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर धुतलेले कपडे बसत.

आता चाचणी उरली. नाव घातलेल्या आणि न घातलेल्या पेशी शेजारीशेजारी वाढवायच्या. नावामुळे वाढ मंदावली तर नाव काढायचं. बाकीच्यांची नावं निमूट बसली. शेवटी हिच्या नावाची प्लेट लागली आणि दोन्हीकडचे ठिपके सारखेच वाढले.

“वहिनी राहिल्या बरं का मामा,” मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी मामा काम संपल्यावरही उगाच फडकं फिरवत रेंगाळले. इन्क्युबेटर, म्हणजे प्लेटांची ऊबपेटी, पुसताना हात मागच्या कोपऱ्यात गेला आणि तिथेच थांबला.

पेटी जुनी, मागे ऊब जास्त, म्हणून पेशींची वाढही जास्त. त्यामुळे दोन्ही प्लेटा एकाच फळीवर, पुढे ठेवायच्या, हे नव्या मुलांना मामाच शिकवत. पण हिची प्लेट ठेवताना हात आपोआप मागे गेला होता. हिला गारठा सोसत नसे. घरी भिंतीकडची बाजू तिचीच असायची.

हे फक्त मामांना माहीत होतं. गप्प राहिलं तर सगळंच पदरात पडणार होतं, आणि विचारणारंही कुणी नव्हतं.

सकाळी ते मॅडमच्या टेबलाशी उभे राहिले. “शेवटची चाचणी परत लावायला लागेल.”

“का हो? छान झाली की.”

“हिची प्लेट मागे उबेला होती. चूक माझी.”

मॅडमनी आता मान वळवली. “मामा, कळलंही नसतं कुणाला.”

“पुढेमागे कळलं असतं. मग तुम्ही खोट्या पडला असता. हिच्या नावावरून नको ते.”

या खेपेला नावाशिवायचे ठिपके मोहरीएवढे झाले. नाव असलेले टाचणीच्या टोकापुढे गेले नाहीत.

“पुढच्या आराखड्यात दुसरी जागा बघू,” मॅडम म्हणाल्या. तोवर मामा निवृत्त झालेले असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. “राहू द्या, त्या प्लेटा मी टाकते.”

“माझंच काम आहे ते.”

मॅडमना निबंध मिळाला. इतरांची नावं पेशींमध्ये नांदू लागली. यीस्ट ओझं उतरल्यासारखं भराभर वाढू लागलं. द्यावं लागलं ते एकट्या मामांना, आणि तेही त्यांनी आपण होऊन दिलं. वापरलेल्या प्लेटांतले जीव वाफेने मारायच्या भांड्यात त्यांनी हिची प्लेट सगळ्यांत वर ठेवली, झाकण आवळलं, बटण दाबलं. भांडं तापेपर्यंत झाकणावर हात ठेवून उभे राहिले. सोसवेना, तेव्हा काढला.