कौशल्याबाईंच्या घरावरचा खडक

मित्रांनो, अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या उतारावर उभा असलेला काळा खडक तो मी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मी तापलेला रस होतो आणि भारताची ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. मी थंड होताना माझ्यातले लोहाचे बारीक कण तेव्हाच्या चुंबकीय दिशेत कलले आणि तसेच गोठले. पुढे जमीन मला घेऊन उत्तरेला सरकली. कणांचा कल मात्र तोच राहिला.

तो कल तपासायला अमरावतीहून भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक गीतांजलीबाई येत. दिशेची खूण करून यंत्राने माझा बोटाएवढा तुकडा काढून नेत. आजच्या इथल्या कलाशी तो जुळत नाही, यावरून जमीन किती सरकली ते त्यांना कळे.

यंदा त्या आल्या आणि त्याच आठवड्यात जमीन हादरू लागली. खालच्या वस्तीतली माणसं घरात शिरायला भिऊ लागली. गावचे पोलीस पाटील खुशालराव वर चढून आले.

"बाई, तुमी भोकं पाडून राहिल्या, म्हणून जमीन हालून राहिली."

"वीतभर भोकानं जमीन हालत नाही, भाऊ. कशानं हालते, ते मलाही अजून नक्की सांगता येत नाही." गीतांजलीबाईंनी माझ्या अंगावरच्या भेगेत बोट घातलं. "पण ही भेग बघा. काल हिच्यात नख जात होतं, आज बोट जातं. खालचं घर रिकामं करा."

"लोकायले भेव घालू नका," म्हणून खुशालराव उतरून गेले.

खालचं घर कौशल्याबाईंचं. त्या एकट्या आणि त्यांच्या दोन बकऱ्या. गीतांजलीबाई स्वतः तिथे गेल्या.

"काहून जाऊ?" कौशल्याबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाले, त्या खडकानं मले काई केलं नाही."

"मावशी, एकदा वर येऊन बघा."

म्हातारी धापा टाकत चढली. भेगेत बोट घातलं. बोटाला आतली गार हवा लागली. ती तशीच खाली गेली आणि तिने बकऱ्यांची दावी सोडली.

मित्रांनो, मी फार भ्यालो होतो. खाली माणूस आहे हे ठाऊक होतं, आणि स्वतःला धरून ठेवायला मला हात नव्हते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धक्का बसला. माझा अर्धा भाग सुटला. चूल, खाट, छपरावरची कवेलू, सगळं माझ्या वजनाखाली चुरलं. कौशल्याबाई शाळेच्या पटांगणातून पाहत होत्या.

"आत्ता मी तिथंच जेवत असती," त्या हळूच म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या खुशालरावांनी त्यांच्या बकऱ्यांची दावी आपल्या हातात घेतली.

माझा उरलेला भाग अजून वरच आहे, मित्रांनो, आणि त्यालाही भेग आहे. डोंगराखाली राहत असाल तर कधी तरी वर येऊन बघत जा. आणि कुणी निघा म्हटलं, तर 'काहून?' हे बाहेर आल्यावर विचारा.